पोरं कचरा वेचतील, पण ढीग कोण उचलणार?



गाढी नदीच्या काठावर उतरून प्लॅस्टिक वेचणाऱ्या पोरापोरींचं आपण कौतुक करतो, फोटो काढतो आणि घरी जातो. कौतुक व्हायलाच हवं. पण आपलं कर्तव्य तिथेच संपलं असं मानणं हा त्या पोरांवर अन्याय आहे.

गाढी माथेरानच्या डोंगरातून निघते, देहरंग धरणातून खाली आपल्या सुकापूरकडे येते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. काठावर फेकलेली पिशवी पहिल्या मोठ्या पावसात वाहत जाऊन खाडीच्या तिवरांत अडकते. तिथला चिखल तुडवून ती कोण काढणार? म्हणून पावसाआधी काठ साफ करण्याचं मोल मोठं आहे.

अशा सफाईसाठी मुंबईतल्या वर्सोव्याचा दाखला सगळे देतात, पण अर्धाच देतात. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्याच्या साथीने तिथला किनारा साफ करायला घेतला. तरुणांची रीघ लागली, 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गौरव केला. आणि नोव्हेंबर 2017 मध्ये याच माणसाला काम थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं, कारण गोळा केलेले ढीग उचलले जात नव्हते आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती. सरकारने शब्द दिल्यावर काम पुन्हा सुरू झालं. मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली.

जगाने नावाजलेल्या मोहिमेची ही गत, तर आपल्या पोरांनी बांधलेल्या पोत्यांचं काय होईल? कुत्री फाडतील, नाहीतर कुणी काडी लावेल, आणि तो धूर आपल्याच घरात शिरेल. म्हणून गाडी कधी येणार, कचरा कुठे जाणार, जबाबदार कोण, हे लेखी ठरल्याशिवाय पोरांच्या हाती झाडू देऊ नका.

पैसे नाहीत हे उत्तर ऐकून घेऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी गावांच्या अनुदानातला 60 टक्के वाटा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखून, ठेवला. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पाण्यासाठी. त्या स्वच्छतेच्या रकमेचा हिशेब ग्रामसभेत मागा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मतदार यादीत नाव असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीलाही तिथे प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे. तरी भाजी, मासळी पिशवीतूनच घरी येते आणि निर्माल्यही पिशवीतच बांधून पुलावरून पाण्यात जातं. ते फेकणारे हात पोरांचे नाहीत, आई-बापांचे आहेत. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायला कुठल्या ठरावाची वाट पाहायची?

येत्या ग्रामसभेला घरटी एक तरी माणूस येऊ द्या. नदीकाठ साफ करणाऱ्या पोरांना पुढच्या रांगेत बसवा, बोलायची पहिली पाळी त्यांना द्या, आणि कचरा उचलण्याचं वेळापत्रक इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय उठू नका.

— सुकापूरचे रहिवासी