एका खोडावरचे आंबे

लखनौजवळच्या मलिहाबादेत हाजी कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्याच्या झाडावर तीनशेच्या वर जातींची कलमं बांधली आहेत. गाण्याचा बँड म्हणजे असंच एक झाड. सोडून जाणारा गायक आपली फांदी तेवढी घेऊन जातो आणि पहिल्या स्वतंत्र अल्बमसाठी भाड्याचं खोड शोधत फिरतो. असे बरेचसे अल्बम मला जुन्या बँडचीच पातळ आवृत्ती वाटतात. आवाज तोच, पण ‘हे गाणं फसलंय’ असं तोंडावर सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस याची गोष्ट वेगळी. मुंबईत जे. जे.मध्ये वास्तुकला शिकताना तो ‘द सॅव्हेजेस’ या बँडमध्ये होता. पुढे युरोप, उत्तर आफ्रिका भटकून गोव्यात शिवोलीच्या घरी परतला आणि 1984 मध्ये ‘गोअन क्रेझी’ त्या घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला. गाणी त्याची, गाणारा तो, वाजवणाराही तोच.

चार ट्रॅक म्हणजे काय, हे आजच्या लॅपटॉपवाल्या पोरांना सांगायला हवं. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे पहिले तीन पुन्हा मोकळे. पण एकदा मिसळलेलं सुटं होत नाही आणि दर उतरवणीला टेपची खरखर वाढते. ताल किती पुढे ठेवायचा, हे गाणं अर्धं असतानाच ठरवून टाकावं लागतं. बँडमध्ये चौघांनी घालायचा वाद एकट्याने स्वतःशी घालायचा. त्या अल्बमला नेटकेपणा आला तो या अडचणीतूनच, असं माझं मत.

विक्रीही त्यानेच केली. पिवळ्या स्कूटरवरून तो गोव्यातल्या दुकानादुकानांत कॅसेटी पोचवायचा. आपल्याकडचे रॉक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत होते, तेव्हा हा पठ्ठ्या इंग्रजीतून गोव्याबद्दल गोव्यालाच ऐकवत होता, थट्टेसकट. दोन वर्षांनी आलेल्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये तो अमली पदार्थांवर बोलला. एखाद्या कंपनीच्या साहेबाने हे विषय आधी मंजूर केले असते का, मला शंकाच आहे.

देशात अनेकांना रेमो ठाऊक आहे तो 1995 च्या ‘बॉम्बे’ चित्रपटातल्या ‘हम्मा हम्मा’मुळे. गाणं झकासच, पण ते संगीतकार रहमानचं. रेमो ऐकायचा तर सुरुवात 1984 पासून करा, आणि खरखरीला नावं ठेवू नका.