इतिहासाच्या पुस्तकात आपली मुलं कुठे आहेत?

देश तरुण असला की राज्यकर्त्यांची नजर आधी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकावर जाते. शेजारचा बांगलादेश बघा. १९७१ साली जन्मलेला देश. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार पडलं आणि जानेवारी २०२५ च्या पुस्तकांत स्वातंत्र्याची घोषणा कोणी केली, याचं उत्तरच बदललं. शेख मुजीब यांच्या जागी झियाउर रहमान आले. वडिलांनी शिकलेलं उत्तर मुलाच्या परीक्षेत चूक!

आपल्याकडेही हेच चाललंय, फक्त सावकाश. २०१७ मध्ये बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आला आणि मुघल काळ आकसला. २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या सातवीच्या नव्या पुस्तकाच्या पहिल्या भागात दिल्लीचे सुलतान आणि मुघल उरलेच नाहीत. ते आठवीत आले, पण क्रूरतेवर जोर देऊन. त्याच पुस्तकात एक टीप आहे की भूतकाळातल्या घटनांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये. टीप चांगलीच आहे. पण शिक्षक म्हणून सांगतो, टिपेवर परीक्षेत प्रश्न येत नाही. मुलांच्या लक्षात राहते ती लढाई.

महाराष्ट्राच्या पुस्तकात शिवाजी महाराज मध्यभागी असावेत, यात तक्रार कसली? ते आपल्याही मुलांचे आहेत. त्यांच्या आरमारात दौलतखान होते, पदरी काझी हैदर होते. तक्रार एवढीच की मुसलमान नाव पुस्तकात फक्त स्वारी करायलाच आलं, तर वर्गातलं आपलं लेकरू मान खाली घालतं आणि शेजारचा मित्र त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. नुकसान दोघांचंही होतं. राष्ट्राची ओळख अशाने घट्ट होत नाही, उसवते.

आता थोडं आपल्याबद्दल. मुघलांचं पान गेलं की आपल्याला आपला खानदानच पुसल्यासारखं वाटतं. अहो, आपल्यातल्या बहुतेकांचे पणजोबा बादशहा नव्हते. शेतात, बाजारात, विड्यांच्या कारखान्यात राबणारे होते. बादशहांची वकिली करण्यापेक्षा त्यांचा न्याय आणि जुलूम दोन्ही मुलांना सांगावा, आणि आपल्या मातीचा इतिहास शोधावा.

तो फार लांब नाही. तिरोड्याहून गाडीत बसून आपण ज्या नागपूरला जातो, ते शहर १७०२ च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाह यांनी वसवलं. गोंड राजा, इस्लाम कबूल केलेला. त्याने आपल्या मुलखात हिंदू-मुसलमान दोन्ही कारागीर आणि शेतकरी आणून वसवले. आदिवासी, हिंदू, मुसलमान, तिघांची नाळ एकाच नावात! मराठवाड्यात मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि नहर काढून त्याला पाणी दिलं. आपल्या घरांत किती मुलांना हे ठाऊक आहे?

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवी पुस्तकं येत आहेत. पुस्तक हातात आलं की पालकांनी ते आधी स्वतः वाचावं. काही चुकीचं वाटलं तर ओरड न करता पान क्रमांक आणि पुराव्यासह बालभारतीला लेखी कळवावं. आणि रविवारी मुलांना घेऊन जुनी मशीद, किल्ला, मामा तलाव बघायला जावं. हे कोणी बांधलं, ते विचारावं.

पुस्तक सरकार छापतं. घरातली तालीम मात्र आपल्याच हातात आहे.