पाठवणी कुठे अडकते?

"डिस्क नेहमी सगळ्यात कमी स्पीडला राईट करावी" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याला मला एकदा भेटायचंय. आणि "कव्हरवर १६ एक्स लिहिलंय ना, मग सोळानेच मारा की!" म्हणणाऱ्यालाही. दोघांना एकाच सतरंजीवर बसवून चहा पाजायचा आणि मग भांडायचं.

पहिल्याचं आधी घेऊ. कोऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, लेसर त्यावर खुणा भाजतो. कुठल्या डिस्कला कुठल्या वेगाने किती आच द्यायची, याची कृती रायटरच्या आतच भरलेली असते. १६ एक्सच्या डीव्हीडीचं रंगद्रव्य जोरदार, झटपट आचेसाठी बनवलेलं. तिला उगाच रेंगाळत भाजलंत तर मंद तव्यावरची भाकरी होते, वातड. म्हणून १६ ची डीव्हीडी ८ ने, ५२ ची सीडी १६ किंवा २४ ने. जुनी ४ एक्सची डिस्क असेल तर ४ ने. एवढं सोपं आहे, पण अंधश्रद्धा त्याहून सोपी असते!

आता दुसरा शहाणा. त्याच्यावर माझा राग जरा जास्त आहे. सोळाचा वेग पहिल्यापासून नसतोच. डिस्क मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्या मारते, लिखाण आतून सुरू होतं सहा-सात एक्सने, आणि सोळा गाठले जातात ते अगदी बाहेरच्या कडेला. चकती थरथरली, रंगद्रव्य कडेला नीट पसरलेलं नसलं, तर चुका तिथेच होतात. बोटांचे ठसेही तिथेच. आणि लग्नाच्या डीव्हीडीत कडेला काय असतं? शेवट. म्हणजे पाठवणी.

आमच्या पेठेतल्या २००६ च्या लग्नाची डीव्हीडी तशीच आहे. हळद, वरात, मंगलाष्टका, पंगतीत नको नको म्हणत घेतलेले लाडू, सगळं सुरळीत. आत्याने लेकीला जवळ घेतलं की चित्राचे चौकोन होतात आणि प्लेअर घरघरत बसतो. आत्या आता नाही. व्हिडिओवाल्याचं तेव्हाचं म्हणणं, "लाईट जायच्या आत पंचवीस कॉप्या काढायच्या होत्या." लोडशेडिंग होतंच, खोटं नाही. पण १६ ने एक भरलेली डिस्क सहाएक मिनिटांत होते, ८ ने आठ-नऊ. म्हणजे डिस्कमागे तीन मिनिटं वाचवली! आणि राईट झाल्यावर 'व्हेरिफाय' वर एक टिचकी मारली असती तर पोकळी तेव्हाच दिसली असती, कॅसेट त्याच्याकडे होती तोवर.

वर त्याने नवरा-नवरीचा फोटो छापलेलं कागदी स्टिकर चिकटवलं. गोंद सुकला की कागद आक्रसतो, डिस्क किंचित वाकते. (सीडीवर तर बॉलपेननेही लिहू नये. तिचा लिहिलेला थर नावाच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ थराखाली असतो. डीव्हीडीचा थर निदान दोन चकत्यांच्या मध्ये असतो.)

मला नवल वाटतं ते आपल्या सातगाव पठारच्या लोकांचं. बटाट्याचं बियाणं घ्यायला मंचरला गेलो की गोणी उघडून, बटाटा कापून, माल पंजाबचा आहे का, शीतगृहातला आहे का, सतरा प्रश्न. आणि कोरी डिस्क घेताना एकच प्रश्न, "शंभराचा डबा केवढ्याला?" ब्रँड म्हणजे कारखाना नव्हे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल यायचा. खरा बनवणारा कोण ते डिस्कवर कोरलेल्या संकेतात असतं आणि 'डीव्हीडी आयडेंटिफायर'सारखा फुकटचा प्रोग्राम ते वाचून दाखवतो. व्हर्बेटिमची अ‍ॅझो रंगद्रव्याची, तायो युदेनची, अशा डिस्क लोक शोधून घ्यायचे ते उगीच नाही.

"आता या पेनड्राईव्हच्या जमान्यात कशाला उकरतोस?" असं म्हणणारे नातलग आहेत (माहीत आहेत मला). उकरतो, कारण दिवस मोजके आहेत. तायो युदेनने २०१५ मध्ये हा धंदा सोडला. आपल्याकडची मोझर बेअर, जिने २८ रुपयांत व्हीसीडी घरोघरी नेली, ती २०१८ मध्ये दिवाळखोरीत संपली. सोनीने कोऱ्या ब्लू-रे बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. नव्या लॅपटॉपला ड्राईव्ह नसतो. रंगद्रव्य मात्र कपाटात, उन्हात, दमटपणात आपलं विटत राहतं.

तेव्हा आधी कपाटातली डिस्क बाहेर काढा. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. एका ड्राईव्हने नाकारली तर दुसऱ्यात घाला. एकाला न दिसणारं दुसऱ्याला पुष्कळदा दिसतं. वाचतानाही वेग कमी ठेवा, आणि पूर्ण प्रत हार्डडिस्कवर उतरवा, दोन ठिकाणी.

आणि त्या पंचवीस कॉप्यांपैकी एक कुणाकडे असेल, ट्रंकेत, टीव्हीच्या मागे, कुठेही, तर मला फोन करा. स्टिकर सोलू नका. माझ्याकडे तीन जुने ड्राईव्ह आहेत, मी घ्यायला येतो.