नुसते ऐका!

शाळा सुटली की शिकवणी, मग गृहपाठ. वही-पुस्तकावर खिळलेल्या डोळ्यांना विश्रांती केव्हा? जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचित राहतो. दूर पाहिले की तो सैलावतो. गोष्ट ऐकताना खिडकीबाहेर पाहता येते, डोळेही मिटता येतात. चित्र मनातच उमटते.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यावरील ‘बालोद्यान’ने पुण्याच्या मुलांना ऐकण्याची गोडी लावली. आता गोष्टी मोबाइलवरही मिळतात. मात्र तो पालथा ठेवावा.

शिक्षक-पालकांना एकच विनंती : गोष्ट संपताच तात्पर्य विचारू नका. विचारलेत, की तोही शाळेचाच एक तास झाला! मुलांनो, आज संध्याकाळी अर्धा तास नुसते ऐकून पाहा.