आज रात्री वॉर्डात किती जणी?

संसदेत परिचारिकांच्या तुटवड्यावर प्रश्न आला की आरोग्य मंत्रालयाकडे एक आकडा तयार असतो. २०२२-२३च्या सुमारास तो ३३ लाख ४१ हजार होता, पुढे वाढत गेला. देशातल्या 'नोंदणीकृत' परिचारिकांची ही संख्या. आता या शब्दावर जरा थांबा. यात लग्नानंतर नोकरी सोडलेली आहे, दुबईला गेलेली आहे, आठ हजारांवर राबून कंटाळल्यावर बँकेच्या परीक्षा देऊन क्लार्क झालेली आहे. मी ज्या धंद्यात आहे तिथे कुणी 'आपल्या ॲपचे ३३ लाख युजर्स' असं म्हणालं, तर मीटिंगमधला सगळ्यात ज्युनिअर मुलगाही विचारतो: नुसते नोंदणी केलेले, की आज ॲप उघडलेले? परिचर्या परिषदेने आता 'लाइव्ह रजिस्टर' सुरू केलंय, चांगलंच आहे. पण तेसुद्धा परवाने मोजतं, ड्युटीवर कोण आहे ते मोजत नाही.

माझं भांडण एवढ्याचसाठी आहे. आपलं राष्ट्रीय नर्सिंग धोरण नळ किती मोठा करायचा एवढंच बोलतं. टाकीला खाली भोकं आहेत, त्याबद्दल चकार शब्द नाही.

२०२३च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर झाली. २०१४नंतर निघालेल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या आवारातच ती उभी राहणार, खर्च १,५७० कोटी, आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडणार. कल्पना वाईट नाही. मुलींना शिकायला खरा वॉर्ड मिळेल, भाड्याच्या दोन खोल्यांतलं 'कॉलेज' नाही. हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. मध्य प्रदेशात कागदोपत्री चालणाऱ्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयाने सीबीआयकडे दिली, आणि मे २०२४मध्ये त्या तपासातल्या सीबीआयच्याच अधिकाऱ्याला लाच घेताना सीबीआयने पकडलं. त्यामुळे चांगली कॉलेजं हवीतच. त्याआधी २०२३मध्ये १९४७च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा आला. शिक्षण, परीक्षा, नोंदणी, तपासणी, सगळं त्यात आहे. पण पगार? आणि एका पाळीत एकीच्या वाट्याला किती रुग्ण? पंचाहत्तर वर्षांनी कायदा बदलला, तरी हे दोन प्रश्न बाहेरच्या बाकड्यावरच बसून राहिले.

परिषदेचा जुना निकष आहे: मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. ऐकायला छान. आता साधं गणित करू. पन्नास खाटांना दहा परिचारिका नेमल्या. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याची सुटी, कुणाची बाळंतपणाची रजा, कुणाला ताप. रात्री वॉर्डात उरतात दोन, नशीब असेल तर तीन. म्हणजे एकीकडे सतरा ते पंचवीस रुग्ण. कागदावर मात्र 'एकास पाच' बिनचूक पाळलेलं. रात्री आमच्या ऑन-कॉल इंजिनिअरला पाचापेक्षा जास्त अलर्ट आले तर सकाळी त्यावर बैठक बसते. आणि आमचा सर्व्हर मेला तर दुसरा उठतो.

लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२मधला अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: परिचारिकेच्या वाट्याला प्रत्येक जादा रुग्ण आला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने १९९९मध्ये कायदा करून प्रमाण बांधून दिलं, २००४पासून ते अमलात आलं. तिथे सर्वसाधारण वॉर्डात एकीकडे पाचांपेक्षा जास्त रुग्ण देता येत नाहीत, आणि हे प्रत्येक पाळीला लागू आहे. सगळी मेख 'प्रत्येक पाळीला' या दोन शब्दांत आहे.

आपण मात्र हे सगळं 'सेवाभाव' या एका शब्दात गुंडाळून टाकतो. केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३पासून २०१५पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. बेचाळीस वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही, हे २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढेही आलं. ती बातमी आपण माया, ममता, भगिनीभाव अशा शब्दांत वाचली. माया होतीच. पण बेडसोर मायेने टळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, कातडी तपासावी लागते, चादरीची सुरकुती काढावी लागते. दिवसाला बारा वेळा, रात्रीसकट, चार दशकं. त्याला कौशल्य लागतं आणि हजर असलेले हात लागतात. पंचवीस रुग्ण असलेली परिचारिका कितीही प्रेमळ असली, तरी तिच्या आठ तासांचे सोळा होत नाहीत.

मग ती वेळ भरून कोण काढतं? नातेवाईक. सलाइन संपत आली म्हणून पळत जाणारा मुलगा, खाटेखाली चटई टाकून झोपलेली बायको, कामावर बिनपगारी रजा टाकलेला भाऊ. 'प्रमाण सक्तीचं केलं तर लहान रुग्णालयं बंद पडतील, उपचार महागतील' असं सांगणाऱ्यांनी हा खर्चही बिलात धरावा. तो आजही भरला जातोच, फक्त त्याची पावती मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने २०१६मध्ये प्रमाण ठरवलं. लॅन्सेटमध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासात दिसलं, की रुग्ण लवकर घरी गेल्याने आणि परत दाखल न झाल्याने वाचलेला पैसा जादा परिचारिकांच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक होता.

आता पगार. जानेवारी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितलं. समितीने स्वच्छ सांगितलं: २००हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून शिफारशी राज्यांकडे गेल्या. केरळमध्ये परिचारिका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे २०१८मध्ये २०,०००ची अधिसूचना निघाली. इतरत्र बहुतेक ठिकाणी फाइल फाइलच राहिली. वर्षाला साडेतीन लाखांवर अडकलेल्या आयटीतल्या फ्रेशरवर आपण मीम बनवतो. २०,००० म्हणजे वर्षाला त्याहून लाखभराने कमी, तेही जीव वाचवण्याच्या कामाचे. आणि त्यासाठीसुद्धा संप करावा लागतो.

सरकारी नोकरी तरी सुरक्षित म्हणावी, तर मे २०२२मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या त्या कंत्राटी भरतीच्या विरोधातच. तुटवडा आहे म्हणून ओरडायचं आणि कायम पदं भरायची नाहीत, हा कुठला हिशेब? उलट फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मीही उद्या ऑफर आली तर जाईन. पण इथली पदं रिकामी ठेवून तिकडची भरायला मदत करणं याला मनुष्यबळ विकास म्हणू नये.

जबाबदारीची वेळ आली की मात्र ही न मोजलेली बाई लगेच सापडते. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो ड्युटीवरच्या दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण मेले. अटक झाली एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना. कुणाची चूक किती, हे न्यायालय ठरवेल. पण इमारतीची वायरिंग, अग्निशमनाची यंत्रणा, मंजूर पदं, यांतलं काहीही परिचारिकेच्या हातात नसतं. हाताशी असते ती.

आणि यात आमचा धंदाही मागे नाही. उपकेंद्रातल्या एएनएमकडे लसीकरणाचं एक पोर्टल, गरोदर मातांचं दुसरं, मधुमेह-रक्तदाबाचं तिसरं, शिवाय कागदी रजिस्टर आहेच. प्रत्येक ॲप बनवणाऱ्याला वाटतं, फक्त पाचच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणाच्या अंथरुणापासून उचलली, हे कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही.

दरवर्षी १२ मेला हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं चित्र फॉरवर्ड होतं. ही बाई रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली महिला फेलो. क्रिमियातले सैनिक गोळ्यांपेक्षा घाणीने आणि रोगांनी जास्त मरतात, हे तिने आलेख काढून ब्रिटिश सरकारच्या तोंडावर मारलं. आपण दिवा ठेवला आणि आलेख टाकून दिला.

मागणी साधी आहे. मिड स्टॅफर्डशरच्या रुग्णालयातली भयंकर हेळसांड उघड झाल्यावर इंग्लंडने २०१४पासून रुग्णालयांना सक्ती केली: प्रत्येक पाळीला किती परिचारिका हव्या होत्या आणि किती आल्या, हे वॉर्डात फळ्यावर लिहायचं, आणि महिन्याचे आकडे जाहीर करायचे. आयोगाने हे उद्या इथे सुरू करावं, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे. वॉर्डाच्या दारावर फळा: रुग्ण इतके, परिचारिका इतक्या, तारीख, पाळी. ना कोटींचा निधी लागेल, ना नवं ॲप. फक्त तो लिहायचं काम रात्रपाळीच्या सिस्टरवर टाकू नका. ते मुकादमाला जमेल, अधीक्षकांनाही जमेल, आणि त्याखाली सही अधीक्षकांचीच हवी.