आज्जी गप्प झाली, तेव्हाच सांगायला पाहिजे होतं

निपाणीत आमची आज्जी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवसापासून ती गप्प पडून. हाक मारली की डोळे उघडायची, परत मिटायची. सिस्टर कन्नडमधून विचारायच्या, आज्जी काय बोलायची नाही. त्यांना वाटलं, भाषा कळत नसेल. आम्हाला वाटलं, दमलीय, झोपू दे.

तिसऱ्या रात्री ती चादरीवर बोटं फिरवायला लागली. "पानं भिजवलीस काय गं? विड्या वळायच्या राहिल्यात की!" विड्या सोडून तिला तीस वर्षं झाली होती! तेव्हा कुठं आम्ही डॉक्टरांना गाठलं. लघवी तुंबली होती, वर जंतुसंसर्ग. उपचार झाले आणि आठवड्याभरात ती आम्हालाच शिव्या घालायला लागली.

याला डिलिरियम म्हणतात. खुबा मोडलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना होतो. आपण 'वात झालाय' म्हणतो, नाहीतर 'वयच झालं की ओ' म्हणून सोडून देतो. पण म्हातारपणचा विसराळूपणा हळूहळू वाढतो. हा एक-दोन दिवसांत येतो, सकाळी बरा, रात्री जास्त. दुखणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, एखादं औषध, काहीही कारण असतं. बडबडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गप्प पडलेला राहून जातो, आणि धोका त्यालाही तेवढाच.

तपासायला 'फोर ए टी' नावाची दोन मिनिटांची पद्धत आहे. पेशंट नीट जागा आहे का? वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष सांगतो का? महिने उलटे म्हणतो का? आणि हा बदल अचानक झालाय का?

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या बेळगाव-निपाणी भागात हे प्रश्न पेशंटच्या भाषेत विचारले गेले पाहिजेत. जिला जन्मतारीखच माहीत नाही, तिला डिसेंबरपासून उलटं म्हणायला लावून काय कळणार? फाल्गुन, माघ, पौष म्हणायला सांगा, नाहीतर वार विचारा. सिस्टरना मराठी येत नसेल तर घरच्यांनी शेजारी उभं राहावं.

आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर घरच्यांनाच माहीत असतं. तेव्हा आज्जीला चष्मा घाला, कानाचं मशीन लावा, बोलतं करा. काही वेगळं वाटलं तर लाजू नका. "कालपर्यंत ही अशी नव्हती," एवढं मोडक्या कन्नडमध्ये का होईना, त्याच दिवशी सांगा. आम्ही दोन दिवस घालवले.