सैनिकाच्या कानाची किंमत

युद्धाचा हिशेब मांडताना मृतांची संख्या सांगितली जाते, जखमींची सांगितली जाते. बहिरे झालेल्यांची मात्र कोणी सांगत नाही. बहिरेपणातून रक्त वाहत नाही आणि त्याबद्दल शौर्यपदकही मिळत नाही. तरीही अमेरिकेतील माजी सैनिकांना ज्या व्यंगांबद्दल सरकारी भरपाई मिळते, त्यांत पहिला क्रमांक गोळीच्या जखमेचा किंवा तुटलेल्या पायाचा नाही. तो कर्णनादाचा, म्हणजे कानात रात्रंदिवस घुमत राहणाऱ्या आवाजाचा आहे. ही भरपाई घेणाऱ्यांची संख्या वीस लाखांहून अधिक आहे. जगातील सर्वांत श्रीमंत सैन्याची ही अवस्था का व्हावी, याचा विचार श्रमिकांच्या चळवळीने केला पाहिजे. कारण गणवेश चढवला तरी सैनिक हा शेवटी मजुरीवर राबणारा माणूसच असतो.

रायफलीची एक गोळी झाडताना तिचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी १५० डेसिबलच्या वर जातो. अशा क्षणिक स्फोटासाठी सुरक्षिततेची मर्यादा १४० डेसिबल मानली जाते. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात काही हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, गेलेली स्पष्टता परत आणत नाही. म्हणून या व्याधीवर खरा इलाज एकच : ती होऊ न देणे.

परंतु सैनिकाने कान सरसकट बंद करून घेणे हेही त्याच्या जिवावरच बेतते. मागून येणारे पाऊल, सोबत्याची हाक, अधिकाऱ्याचा हुकूम हे सारे त्याला ऐकू आलेच पाहिजे. या पेचातून दुहेरी टोकांचा इअरप्लग पुढे आला. त्याचे एक टोक कानात घातले की सर्व आवाज अडावेत. दुसरे, पिवळे टोक घातले की बोलणे ऐकू यावे, पण स्फोटाचा धक्का मात्र आतल्या बारीक छिद्राशी रोखला जावा, अशी ती योजना होती. छिद्राची ही कल्पना सेंट-लुई येथील फ्रेंच-जर्मन संशोधन संस्थेत विकसित झाली होती. कल्पना उत्तम होती. पण एरो नावाच्या कंपनीने तो माल बनविला, अमेरिकी सैन्याला विकला, आणि २००८ साली ती कंपनीच थ्री-एम या बलाढ्य कंपनीने विकत घेतली. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत हेच बोळे हजारो सैनिकांच्या कानांत होते.

अमेरिकी न्यायखात्याचा आरोप असा की, हा इअरप्लग कानात नीट बसण्याच्या मानाने आखूड होता. तो वापरणाऱ्याच्या नकळत सैल होत असे. आणि हा दोष कंपनीला ठाऊक असूनही सैन्याला सांगण्यात आला नाही. दोष दिसला होता तो कंपनीच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत, २००० साली. माल विकणाराच मालाची परीक्षा घेणार आणि निकालही तोच लिहिणार, अशी ही व्यवस्था! प्रकरण न्यायालयात गेले तेही शासनाच्या दक्षतेमुळे नव्हे. एका प्रतिस्पर्धी कंपनीने २०१६ साली दावा लावला म्हणून. २०१८ साली थ्री-एमने दोष मान्य न करता सरकारला ९१ लाख डॉलर दिले. ही भरपाई सरकारची फसवणूक झाल्याच्या आरोपाबद्दल होती. कान गमावलेल्यांसाठी नव्हती.

मग सैनिक स्वतः न्यायालयात गेले. त्यांची कोंडी लक्षात घेण्याजोगी आहे. सेवेत झालेल्या इजेबद्दल सैनिकाला आपल्या सरकारवर दावा लावता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच ठरविले आहे. संघटना करून सौदा करावा, तर १९७८ च्या कायद्याने सैनिकांच्या युनियनवर बंदी आहे. दाद मागायला उरली ती फक्त कंपनी. कंपनीचे म्हणणे, माल योग्य रीतीने वापरला तर सुरक्षितच होता. यंत्रात हात गेला की कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवणाऱ्या मालकाची ही भाषा आपल्या कार्यकर्त्यांना नवी नाही. प्रातिनिधिक म्हणून चाललेल्या खटल्यांत १९ फिर्यादींपैकी १३ जणांच्या बाजूने निकाल लागला. तेव्हा, जुलै २०२२ मध्ये, एरो कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पाठीशी थ्री-एमची तिजोरी असलेली कंपनी दिवाळखोर कशी, असा प्रश्न उभा राहिला आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलरची तडजोड झाली. येथेही दोषाची कबुली नाही. दोन लाखांहून अधिक दावेदारांत ही रक्कम वाटली, तर सरासरीने माणशी पंचवीस हजार डॉलरच्या आसपास येते, आणि वकिलांचा वाटाही त्यातूनच जायचा.

कोणी म्हणेल, आक्रमण करणाऱ्या सैन्याच्या कानांची काळजी आपण का वाहावी? २००३ चे इराकवरील आक्रमण अन्याय्य होते, यात शंका नाही. ज्या इराकी मुलांच्या घरांजवळ बाँब पडले, त्यांच्या कानांना तर या तडजोडीत जागाच नाही. परंतु युद्ध ठरविणारे वेगळे, त्यावर नफा कमावणारे वेगळे आणि त्याची किंमत शरीराने चुकविणारे वेगळे. कानठळ्या बसतात त्या तिसऱ्यांच्याच.

यातून घेण्याचा धडा स्पष्ट आहे. संरक्षक साधनांची चाचणी विकणाऱ्याच्या हाती असू नये. ती सार्वजनिक संस्थेने करावी आणि तिचा निकाल वापरणाऱ्याला वाचायला मिळावा. वापरणाऱ्यांना संघटित आवाज असावा. नेदरलँड्समध्ये सक्तीच्या भरतीतील सैनिकांनी १९६६ साली आपली संघटना उभारली. त्याने ते सैन्य कोसळले नाही. आणि बोळा हा शेवटचा उपाय आहे. आधी आवाज उगमापाशी कमी करावा, ही जबाबदारी साधने पुरविणाऱ्याची, वापरणाऱ्याची नव्हे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तास उभा राहणारा विणकर हेच दुःख मुकाट्याने सोसतो. अतिआवाजाने येणारे बहिरेपण हा व्यवसायजन्य आजार असल्याचे आपल्या कायद्यांनीही मानले आहे. पण तपासणी झाली, नोंद झाली आणि भरपाई मिळाली, असा विणकर आपल्या किती कार्यकर्त्यांना भेटला आहे? मजुरीच्या आणि बोनसच्या मागण्यांबरोबर वर्षातून एकदा कानाच्या तपासणीची मागणीही आपल्या निवेदनांत आली पाहिजे. अमेरिकी सैनिकाला निदान न्यायालयापर्यंत जाता आले. आपल्या विणकराला तेथवर पोचविणे हे संघटनेचे काम आहे.